पहिले गाडी बंद कर

जमनामाय बोलता बोलता मध्येच थांबायची. वाक्य अर्धं, मांडीवरच्या सुपातली ज्वारी अर्धी निवडलेली, उजव्या हाताचं एक बोट वर आणि मान पुढच्या खोलीच्या दाराकडे कललेली. समोर कोण बसलंय याची तिला पर्वा नसे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, बाईला काहीतरी दिसतं बहुतेक. मग कळलं की ती ऐकते. त्या दाराआड तिची सून वत्सला असायची, आणि वत्सलाला दमा होता. आतला श्वास नीट चाललाय असं कानाला पटलं की बोट हळूच मिटायचं. मग ती म्हणायची, "हां. मी काय सांगत व्हती?" आणि जिथे सोडलं होतं नेमकं तिथूनच भांडण पुढे सुरू करायची. कारण ती बोलायची म्हणजे बहुतेक वेळा कुणाशी तरी भांडतच असायची.

साठ सालानंतरची ही गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. मी नाशिकहून मुलींच्या शाळेत शिकवायला आले होते आणि राहायला खोली शोधत होते. एकट्या बाईला खोली देताना घरमालक जे काही विचारतात, ते सगळं ऐकून माझे कान किटले होते. जमनामायनं त्यातलं काहीच विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही स्टोव्ह पेटाडतस का?"

मी म्हटलं, "चहापुरता."

"मंग खोली नही."

मी वळले तशी मागून हाक आली. "च्या मी देसू. दोन्ही टाइम. पन स्टोव्ह नको." माझं नाव तिनं पुढे महिनाभर विचारलं नाही. मी तिची मास्तरीणबाई झाले ती शेवटपर्यंत.

तिची चूल परसात, पार टोकाला, पत्र्याखाली होती. पावसाळ्यात भिजत भाकरी थापायची, पण घरात धूर येऊ द्यायची नाही. हिवाळ्यात ती मिरचीच्या पथारीवर कामाला जाई. गावाबाहेरच्या मैदानांवर मिरची वाळत पसरलेली असे, दुरून पाहिलं तर जमीनच लाल. तिथे दिवसभर देठं खुडायची, मग तिथल्याच हौदावर गार पाण्यानं अंघोळ करायची, लुगडं बदलायचं आणि मिरचीचं लुगडं तिथेच बोरीवर टाकून घरी यायचं. अंगावर चिमूटभर मिरचीची धूळ राहिली तरी वत्सलाला उबळ यायची. जानेवारीच्या थंडीत ही बाई ओल्या केसांनी कुडकुडत घरी यायची आणि दारातूनच ओरडायची, "वच्छी, जित्ती शे का?"

आतून वत्सला म्हणायची, "शे, माय."

वत्सला हसायची ते आवाज न करता. मोठ्यानं हसलं की खोकला सुरू होई, म्हणून तोंडावर पदर धरून नुसते खांदे हलवायची. वाक्यंही अर्धीच बोलायची, उरलेलं डोळ्यांनी. तिचा नवरा भिका रेल्वेच्या गँगमध्ये खांडबाऱ्याला होता. तिथली खोली रुळाला लागून, दिवसभर कोळशाच्या इंजिनांचा धूर. म्हणून सासूनं सुनेला इकडे आणून ठेवलं होतं. आमची गल्ली गावातली सगळ्यात निवांत गल्ली. पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी होती, समोर वळणावर कडुनिंब होता, वारा खेळता होता. घरातली चांगली खोली सुनेला आणि सासू ओट्यावर, याबद्दल शेजारणी तोंडाला पदर लावून बोलायच्या. सुनेला नवऱ्याकडे जाऊ देत नाही म्हणूनही बोलायच्या. जमनामाय त्यांना उत्तर देत नसे, आणि ती उत्तर देत नाही म्हणजे तिला ते लागलेलं असे.

देवाशी तिचं जमत नव्हतं. नवरा गेला तेव्हापासून घरातली देवाची एकुलती एक तसबीर तिनं भिंतीकडे तोंड करून टांगली होती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्यानी मन्हाकडथून तोंड फिरवं. मंग मी त्यानं तोंड भितीकडे फिरवं. आते दोन्ही बराबर." तसबिरीची पाठ मात्र ती दर शुक्रवारी पुसायची.

आणि मग बाजारातला रस्ता सुधारायची योजना आली. कुठल्या कचेरीतून आली, ते गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बाजारपेठेत सिमेंटचा रस्ता झाला, गटारं झाकली गेली, आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांपुढची हवा चांगली राहावी म्हणून मोठ्या गाड्यांना तिथे बंदी झाली. बाजाराच्या दोन्ही तोंडांना आडवे दांडे लागले. व्यापारी खूश झाले. मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू, कारण शाळेत जाताना आता नाकाला रुमाल लावावा लागत नव्हता. पण गाड्या काही हवेत विरघळत नाहीत. मिरचीच्या गोण्या, कापसाच्या गाठी, अक्कलकुव्याकडची लाकडं, सगळं भरलेले ट्रक आता आमच्या गल्लीतून वळसा घालून जाऊ लागले. चार महिन्यांची सोय, असं सांगितलं होतं. चार महिन्यांनी विचारायला गेलो तर ते सांगणारा माणूस बदलून गेला होता.

त्या जुन्या ट्रकांचा धूर आजच्या लोकांना सांगून कळायचा नाही. काळा, जड, चिकट. वळणावर गाडी अडायची, मागे घ्यायची, पुढे घ्यायची, आणि प्रत्येक वेळी तो धूर बरोबर त्या मोठ्या खिडकीत शिरायचा. रस्ता कच्चा, म्हणून धूळ वेगळी. गोण्यांमधून उडालेला मिरचीचा ठसका वेगळा. जमनामायनं खिडकीवर ओली गोधडी टांगली. दर थोड्या वेळानं ती भिजवायची, आणि पिळली की पाणी काळं निघायचं. माझं पाऊल दारात पडलं की आता नवा हुकूम असे, "मास्तरीणबाई, दार लाई ल्या, गाडी उनी."

ती ड्रायव्हरांच्या पाया पडली, शिव्याही दिल्या. निदान वळणावर अडकून उभे राहता तेवढं तरी इंजिन बंद करा, एवढंच तिचं म्हणणं. एक जण बिचारा चांगल्या शब्दांत म्हणाला, "माय, बंद केली तर पुन्हा चालू कोन करीन? सेल्फ लागत नाही. चार मानसं धक्का मारायला लागतात." तो खोटं बोलत नव्हता. त्या काळात बरेच जण दिवस दिवस इंजिन बंद करत नसत.

एकदा रस्ता बघायला एक ओव्हरसिअर आले. जमनामायनं त्यांना ओट्यावर बसवलं, चहा आणला, बशीत ओतला आणि बशी कठड्यावर ठेवून गप्पा मारत बसली. इतकी गोड मी तिला कधी पाहिली नव्हती. कुठला गाव, मुलं किती, सगळं विचारलं. तेवढ्यात एक लाकडाचा ट्रक वळण घेऊन गेला. धुरळा बसल्यावर चहावर काळसर साय धरलेली दिसली. तिनं बशी उचलून त्यांच्यापुढे केली. "प्या, साहेब. मन्ही सून रोज हाईच पेस."

साहेबांनी बशीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि सगळा चहा पिऊन टाकला. वर म्हणाले, "चहा छान झालाय." आणि गेले, ते पुन्हा दिसले नाहीत. त्या दिवशी वत्सला पदरात तोंड खुपसून इतकी हसली की तिला धाप लागली. जमनामाय तिची पाठ चोळत होती आणि साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मला वाटतं, त्या चहानंच तिची खात्री पटली की माणसांकडून हे होणार नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी वळणावर पाहिलं तर कडुनिंबाच्या मुळाशी, अगदी रस्त्यात आलेला, शेंदूर फासलेला एक उभा दगड होता. पुढे कुंकू, दोन झेंडूची फुलं. मी घरात येऊन विचारणार, तोच परसात पाट्याकडे लक्ष गेलं. पाटा होता, वरवंटा नव्हता.

"माय, तो वरवंटा..."

"गप ऱ्हाय."

वत्सला खाटेवर बसून खांदे हलवत होती. "वरवंटाले... फुलं..." एवढंच तिला बोलता आलं.

जमनामायचं गणित सरळ होतं. तिच्या तापीकाठच्या माहेरी शेताच्या बांधावर असाच एक शेंदराचा दगड होता. नांगर त्याला वळसा घालून जायचा, गाडीवाट त्याला वळसा घालून गेली होती. देवाच्या अंगावरून चाक नेणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. आणि त्या वळणावर दगड टाळून मोठी गाडी निघणं कठीण होतं. म्हणजे गाड्यांना दुसरी वाट शोधावी लागेल, आणि दगड हलवायची कुणाची छाती होणार नाही. मला म्हणाली, "देवनी आजलोंग मन्हासाठे काही कामधंदा करा नही. आते करू दे."

पहिला ट्रक आला तो थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, दगड पाहिला, चपला काढून पाया पडला. मग गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, आणि दगडाला जराही धक्का न लावता निंबाची साल सोलवटून वळण घेऊन गेला. जमनामाय ओट्यावर उभी होती. तिच्या कपाळावर आठी पडली. निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

पुढे जे झालं त्याला कुणाचीही चूक म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ते मला अजून सुटत नाही. रेल्वे फाटकापाशी एका ट्रकचे ब्रेक गेले. ट्रक मातीच्या ढिगात शिरला, माणसं वाचली. ड्रायव्हर म्हणाला, मी आत्ताच वळणावर पाया पडून आलो. एवढं पुरलं. महिन्याभरात त्या वरवंट्याला ड्रायव्हरांच्या हिंदीत नाव पडलं, मोडवाली माता, म्हणजे वळणावरची. सुरतेकडून येणारे थांबू लागले, इंदूरकडे जाणारे थांबू लागले. नारळ फुटायचा, उदबत्ती लागायची, लिंबू ओवाळून चाकाखाली जायचं. ज्यांचा रस्ता इकडून नव्हता तेही वाट वाकडी करून येऊ लागले. आणि हे सगळं होईपर्यंत इंजिन चालूच, कारण सेल्फ लागत नाही. आधी गाडी अडली तर थांबायची, आता न अडणारीही थांबायची. धूर दुप्पट झाला.

जमनामायनं एकदा तो दगड उपटायचा प्रयत्न केला. भर दुपारी पहार घेऊन गेली. पण एका लाकूडवाल्यानं आदल्याच आठवड्यात नवस फेडला होता. दगडाभोवती सिमेंटचा ओटा झाला होता. पहार उचलली तशी गल्लीतल्याच बायका धावल्या, तिचे हात धरले. "माय, काय करी ऱ्हायनी? देवी शे ती!" तिनं हात सोडवून घेतले. मग पहार ओढत घरी आली आणि परसात रिकाम्या पाट्यासमोर बसली. नवा वरवंटा तिनं आणला नाही. चटणी शेजारच्या पाट्यावर वाटून आणायची.

भिका येऊन गेला. बायकोला गुजरातेत त्याच्या मावशीकडे, समुद्राच्या हवेत न्यायचं ठरलं. मिरचीचा हंगाम संपला की त्याला रजा मिळणार होती. वत्सला मला म्हणाली, "समुद्र... कसा ऱ्हास, बाई?" मी भूगोलाचं पुस्तक आणून चित्र दाखवलं. तिनं ते उशाशी ठेवून घेतलं.

त्या हंगामातल्या एका अमावास्येला संध्याकाळच्या सुमाराला मी शाळेतून आले तर गल्लीच्या तोंडापासून वळणापर्यंत ट्रक उभे होते. अमावास्येला ड्रायव्हर लोक नारळ चुकवत नसत. सगळी इंजिनं चालू. गल्लीत समोरचं घर दिसत नव्हतं. मी नाकाला पदर लावून भिंतीच्या कडेकडेनं आत शिरले. वत्सला खिडकीला पाठ लावून बसली होती, ओठ निळे, दोन्ही हात गादीत रुतलेले. जमनामाय तिला वारा घालत होती, पण तो वाराही धुराचाच. मला पाहून एवढंच म्हणाली, "डाक्टर."

मी धावले. डॉक्टर लगेच निघाले, टांगाही मिळाला. पण गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. पुढे वाटच नव्हती. डॉक्टर बॅग छातीशी धरून ट्रक आणि भिंत यांच्यामधून अंग चोरत निघाले, मी त्यांच्या मागे. आणि तेव्हा मी तिचा आवाज ऐकला.

जमनामाय मोडवाली मातेच्या ओट्यावर चढली होती. केस सुटलेले, पदर खाली. दोन्ही हातांनी कपाळ बडवत ती ओरडत होती. "हाऊ दगड मन्हा शे! मन्हा वरवंटा शे! मीच ठेवा व्हता आठे! देव नही, बीव नही! गाड्या बाजूले ल्या रे! मन्ही सून मरी ऱ्हायनी!"

मग पुढचा ड्रायव्हर गुडघ्यावर बसला. कोणीतरी म्हणालं, "माता आई है." मागून आणखी आवाज आले, "माता आई है, माता आई है." नारळ फुटू लागले. गाड्यांमधून आणखी माणसं उतरून पुढे सरकली आणि उरलीसुरली वाटही भरून गेली. ती जितकं खरं सांगत होती तितके ते वाकत होते. मी एकाचा दंड धरून हलवला. म्हटलं, "अहो, तो खरंच वरवंटा आहे. मी स्वतः त्यानं वाटलेली चटणी खाल्ली आहे."

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बहनजी, पत्थर तो हर मंदिर में पत्थर ही होता है."

डॉक्टर घरात पोचले तेव्हा वत्सला तशीच बसलेली होती, डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलेलं. त्यांनी बॅग उघडली नाही. बाहेर आरती सुरू झाली होती.

दहा-बारा दिवस जमनामाय कुणाशी भांडली नाही. मला भीती वाटायची. मग एका सकाळी ती उठून वळणावर जाऊन बसली. एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरून थेट तिच्याच पाया पडायला आला, कारण अमावास्येची हकिगत तोवर धुळ्यापासून सुरतेपर्यंत गेली होती. तिनं पाय मागे घेतले. म्हणाली, "पहिले गाडी बंद कर."

तो निमूटपणे गेला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

मी घराच्या ओट्यावरून बघत होते. जमनामाय त्या बंद केलेल्या गाडीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. तिचा चेहरा मला नीट सांगता येणार नाही. एवढंच सांगते की त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. नंतर क्लीनरनं आणि गल्लीतल्या चार जणांनी धक्का मारून ती गाडी सुरू केली. कुणी कुरकुर केली नाही. देवीचं काम होतं.

त्यानंतर तोच नियम झाला. मोडवाली मातेला धूर चालत नाही, वळण येण्याआधी गाडी बंद करायची, धक्का मारत पुढे न्यायची आणि फाटकाच्या उतारावर चालू करायची. एका सुनेसाठी जे होत नव्हतं, ते दगडासाठी बिनबोभाट होऊ लागलं. गल्लीतली हवा निवळली. खिडकीवरची गोधडी निघाली. पुढच्या खोलीत आता कोणी राहत नव्हतं.

माझी बदली लोणखेड्याला झाली. बऱ्याच वर्षांनी, एका उन्हाळ्यात, लग्नाच्या निमित्तानं नंदुरबारला गेले आणि दुपारी मुद्दाम गल्लीत गेले. वरवंट्यावर छोटं देऊळ झालं होतं, घंटा होती. शेजारी जमनामाय बसली होती, अगदी वाळून गेलेली. मला ओळखलं. "मास्तरीणबाई, स्टोव्ह लिधा का आते?" मी हो म्हटलं. "पेटाडा. आते काय," असं म्हणून तिनं मला शेजारी बसवलं. भिकानं दुसरं लग्न केल्याचं सांगितलं, नवी सून खांडबाऱ्यालाच असते म्हणाली, आणि त्या सुनेच्या हातच्या भाकरीला नावं ठेवायला सुरुवात केली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, भांडतेय.

तेवढ्यात एक लाकडाचा ट्रक आला. वळणाच्या अलीकडे इंजिन बंद झालं. त्याच्या मागचा बंद झाला, त्याच्याही मागचा. माणसं हात जोडून उतरली. गल्लीत इतकी शांतता झाली की निंबाची वाळलेली पानं पडताना ऐकू येत होती.

जमनामायचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. उजव्या हाताचं बोट वर गेलं. मान घराकडे, त्या मोठ्या खिडकीकडे कलली. खिडकी सताड उघडी होती आणि आत खाटेवर स्वच्छ, घडी न मोडलेली चादर अंथरलेली होती.

मी वाट पाहत राहिले. ते बोट मिटेल, ती "हां" म्हणेल, भाकरीचं गाऱ्हाणं पुढे सुरू होईल. बोट मिटलं नाही. ती ऐकत राहिली, डोळे बारीक करून, श्वास धरून, सगळा जीव कानात आणून. शेवटी मीच उठले, चपला घातल्या, तिच्या खांद्याला हात लावला. तिला कळलंही नाही. गल्लीच्या तोंडाशी जाऊन मागे पाहिलं तेव्हाही बोट वरच होतं आणि देवी बोलते आहे असं समजून सगळे ड्रायव्हर हात जोडून उभे होते. कोणीही गाडी चालू करत नव्हतं.